पोच

मराठीत ‘पोच’ या शब्दाइतके कष्ट उपसणारे शब्द थोडेच असतील. पत्र मिळाल्याची पावती ती पोच. वरच्या फळीवरच्या डब्यापर्यंत हात जातो की नाही, तीही पोच. आणि चारचौघांत कसे वागावे हे ज्याला उमगत नाही त्याच्याबद्दल आपण एवढेच म्हणतो की, “त्याला पोच नाही.” भाषेने पावती आणि शहाणपण एकाच डब्यात भरून ठेवावे, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

१९७४ ते २०१० अशी छत्तीस वर्षे मी टपालखात्यात काढली. त्यांतली बरीचशी खिडकीच्या आतल्या बाजूला. बाहेरून जे प्रश्न येत ते फार थोडे. तिकीट किती लागेल? डिंक कुठे आहे? आणि तिसरा, जरा पुढे वाकून, आवाज खाली आणून : “पोचेल ना हो?” या तिसऱ्या प्रश्नाला आम्ही सगळे कारकून “पोचेल की!” असे ठोकून उत्तर देत असू. खात्याच्या कोणत्याही नियमपुस्तकात त्याला आधार नव्हता. माणूस मात्र समाधानाने घरी जाई.

निवृत्तीनंतर हा प्रश्न माझ्यापुरता संपला असे मी धरून चाललो होतो. तो पुन्हा घरात शिरला तो सूनबाईच्या लॅपटॉपमधून.

सूनबाई संगणकाचे प्रोग्राम लिहिते. आजकाल पुष्कळांच्या सुना आणि मुली तेच करतात, आणि सासरे “ती आयटीत आहे” एवढ्या माहितीवर वर्षानुवर्षे काढतात. तिच्या कंपनीचे काम असे की, तालुक्याच्या गावी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा असतात, तिथल्या यंत्रांतून निघालेले अहवाल मोठ्या गावच्या इस्पितळांत संगणकावरून नेऊन द्यायचे. दोन वर्षांपूर्वी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, रात्री अकराच्या सुमारास तिचा फोन खणखणला. डेंग्यूची साथ होती. एका लहान मुलाचा प्लेटलेटांचा अहवाल इस्पितळात आलेलाच नव्हता. प्रयोगशाळेच्या पडद्यावर मात्र त्याच अहवालापुढे हिरव्या अक्षरांत ‘पाठवले’ असे उमटले होते. वेळ संध्याकाळची ७ वाजून ४० मिनिटे. त्याच्या आधीचे अहवाल पोचले होते, नंतरचेही पोचले होते. मधला हा एकच कुठे गेला ते कोणाला सांगता येईना. प्रयोगशाळा म्हणे, आम्ही पाठवला. इस्पितळ म्हणे, आमच्याकडे आला नाही. अखेर प्रयोगशाळेतल्या पोराने फोनवरून आकडा वाचून दाखवला, नर्सबाईंनी तो तळहातावर लिहून घेतला आणि मग पुढची हालचाल झाली. (मुलगा बरा होऊन घरी गेला. हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचकांना पुढचे निवांत वाचता येईल.)

रात्री एक वाजता मी पाणी प्यायला उठलो, तर सूनबाई जेवणाच्या टेबलापाशी कपाळाला हात लावून बसलेली. मला पाहून म्हणाली, “बाबा, पाठवलं हे खरं आहे. आणि पोचलं नाही हेही खरं आहे.”

अहो, हे वाक्य माझे होते! छत्तीस वर्षे मी ते ऐकले होते, कधी अर्धे खिडकीच्या या बाजूने, कधी अर्धे त्या बाजूने. मी खुर्ची ओढली आणि म्हटले, “सांग बघू, तुझ्या टपालात नेमकं काय होतं ते.” त्या रात्री आणि पुढच्या सात-आठ संध्याकाळी तिने मला जे समजावले, ते माझ्या पद्धतीने इथे मांडतो.

या सगळ्या देवघेवीच्या मुळाशी जी वस्तू आहे तिला सॉकेट म्हणतात. सॉकेट म्हटले की आमच्या पिढीला भिंतीतली, इस्त्रीची पिन खुपसायची जागा आठवते. आणि कल्पना तीच आहे. भिंतीमागे तारा कशा फिरल्या आहेत, वीज कोयनेहून आली की आणखी कुठून, हे इस्त्रीला ठाऊक नसते. पिन बसली की झाले. तसा हा प्रोग्राम आणि जाळे यांच्यामधला सांधा. १९८३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मंडळींनी युनिक्सची ४.२ बीएसडी ही आवृत्ती बाहेर काढली, तीत तो आला. त्याच वर्षी १ जानेवारीला अमेरिकेतल्या अर्पानेट या जाळ्याने जुनी रीत टाकून टीसीपी-आयपी ही नवी रीत उचलली होती. त्या रीतीचा पाया व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी १९७४ च्या एका निबंधात घातला होता. म्हणजे मी ज्या वर्षी खात्यात चिकटलो त्याच वर्षी! माझ्या नेमणुकीचा आणि त्या निबंधाचा काही संबंध नाही. पण लिहिल्यावाचून राहवले नाही.

पत्ता दोन भागांचा. एक इमारतीचा, म्हणजे संगणकाचा; दुसरा आतल्या खिडकीचा, तिला पोर्ट म्हणतात. खिडक्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात. ईमेल आणून टाकायची खिडकी २५, कुलूपबंद संकेतस्थळांची ४४३. एक प्रोग्राम आपली खिडकी उघडून कान देऊन बसतो, दुसरा तिच्यावर येऊन टकटक करतो.

“मग आधी तीन वाक्यं होतात,” सूनबाई म्हणाली. “हा म्हणतो, बोलू का? तो म्हणतो, बोल; आणि माझं ऐकू येतंय का? हा म्हणतो, येतंय. तीन पाकिटं. ती झाल्याशिवाय खरा मजकूर सुरू होत नाही.”

ट्रंक कॉलच्या दिवसांत आमची तीनची तीन मिनिटे याच तीन वाक्यांत संपत, हे मी तिला सांगितले. बाकी ‘पाकीट’ हा शब्द माझ्या पदरचा नव्हे. त्यांच्याकडेही मजकूर पाकिटांतूनच जातो, फक्त ते त्याला पॅकेट म्हणतात. पाकिटात एका वेळी साधारण १,४६० बाइट मावतात. बाइट म्हणजे संगणकाचा एक दाणा असे समजा. आपले देवनागरी अक्षर तीन दाण्यांचे. काना, मात्रा, वेलांटी यांचे प्रत्येकी आणखी तीन. म्हणजे एका पाकिटात चारशे-ऐंशीच्या आसपास खुणा. हा हिशेब मी कागदावर करून पाहिला आणि मला बरे वाटले. बारीक अक्षरात लिहिणाऱ्या माणसाचे ते एक पोस्टकार्ड झाले.

खरी गंमत ‘पाठव’ या आज्ञेपाशी आहे. प्रोग्राम म्हणतो, पाठव. तत्काळ उत्तर येते, पाठवले. हे उत्तर कोण देतो? मला वाटले, समोरचा संगणक देत असेल. सूनबाईने मान हलवली. उत्तर देतो तो आपल्याच संगणकाच्या गाभ्यात बसलेला कारभारी. त्याला कर्नल म्हणतात. (लष्कराशी संबंध नाही, उच्चार तेवढा सारखा.) त्याच्यापाशी एक पिशवी असते. आपला मजकूर त्याने त्या पिशवीत टाकून घेतला की तो “पाठवले” म्हणून मोकळा होतो. मजकुराने अजून घराचा उंबरठाही ओलांडलेला नसतो. पिशवीत जागा कमी असली तर तो प्रोग्रामला तिष्ठत तरी ठेवतो, नाहीतर हजार बाइटांपैकी सहाशेच घेतो आणि तसे सांगतो. उरलेले चारशे पुन्हा पुढे करायचे काम आपले.

“अगं, हे तर यू. पी. सी.!” मी ओरडलोच.

जुन्या वाचकांना आठवेल. रजिस्टरचे पैसे वाचवू पाहणाऱ्या लोकांसाठी खात्याची ही एक सोय होती. चिठोऱ्यावर पत्ता लिहून द्यायचा, त्यावर आम्ही गोल शिक्का मारायचा. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की, या पत्त्याचे पत्र अमुक तारखेला आमच्या हाती दिले गेले. पुढचे देव जाणे. पण लोक तो चिटोरा जपून ठेवीत आणि कोर्टात, कचेरीत, सोसायटीच्या सभेत पत्र मिळाल्याचा पुरावा म्हणून तो नाचवीत. ही सोय २०११ साली बंद झाली. त्याहून वरची पायरी रजिस्टर ए. डी. ची, तिथे घेणाऱ्याची सही घेऊन पोचपावती परत येत असे. रजिस्टर टपालही १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले. तर प्रयोगशाळेच्या पडद्यावरचे ते हिरवे ‘पाठवले’ म्हणजे यू. पी. सी.चा शिक्का होता, आणि सगळेजण त्याला ए. डी.ची सही समजत होते.

कारभारी हातावर हात ठेवून बसतो असे मात्र नाही. पिशवीतल्या प्रत्येक दाण्याला तो क्रमांक देतो. समोरचा कारभारी “अमुक क्रमांकापर्यंत मिळाले” अशी पोच धाडत राहतो. ती आली नाही की हा तेच पाकीट पुन्हा रवाना करतो, आधी लगेच, मग दुप्पट वेळ थांबून, मग चौपट. पाकिटे मागेपुढे पोचली तर समोरचा ती क्रमाने लावून घेतो. हे थांबण्याचे शहाणपण अनुभवातून पक्के झाले आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कलीतली एक प्रयोगशाळा आणि तिथले विद्यापीठ, म्हणजे जेमतेम चारशे यार्डांचे अंतर, यांच्यामधला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. पोच येईना म्हणून प्रत्येक जण पुन्हा पाठवी, त्या गर्दीने वाट आणखी तुंबे, म्हणून पोच आणखी उशिरा येई. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा छडा लावला आणि १९८८ साली त्यावरचा उपाय छापून प्रसिद्ध केला. उपाय साधा होता : हळू सुरुवात करा, पोच येत गेली तसा वेग वाढवा, पोच थांबली की आधी स्वतः मागे सरा. दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर गाडी घालणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

आता घेणाऱ्याकडे वळू. इथे माझी टपालाची उपमा संपते आणि पाण्याची घ्यावी लागते. ही सूनबाईची देणगी.

गच्चीवरच्या टाकीत तुम्ही तीन बादल्या ओतल्या. खाली नळ सोडला. नळ काय सांगेल, की ही पहिली बादली, ही दुसरी? पाणी आले तेवढे आले. टीसीपीच्या सॉकेटचे तसेच आहे. पाठवणाऱ्याने तीन वेळा ‘पाठव’ म्हटले म्हणून घेणाऱ्याला तीन वेळा ‘घे’ म्हणून भागत नाही. कधी तिन्ही मजकूर एका घोटात येतील, कधी एकच मजकूर सात घोटांत येईल. क्रम बदलणार नाही, मधला थेंब गळणार नाही. पण कुठे काय संपले हे पाणी सांगत नाही.

(ज्यात पाकिटांच्या सीमा राहतात अशी दुसरी रीतही आहे, यूडीपी नावाची. ती म्हणजे साधे पोस्टकार्ड : टाकले की विसरायचे, हरवले तर हरवले. व्हिडिओवर बोलताना नातवाचा चेहरा चौकोनी तुकड्यांत विस्कटतो आणि पुन्हा जुळतो, ती बहुधा तिची करामत. तिथे हरवलेला तुकडा उशिरा आणून देण्यात अर्थच नसतो.)

नळाचे हे वागणे सूनबाईने मला डोळ्यांनी दाखवले. टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर ठेवले, दोन्हींवर दहा-बारा ओळी लिहिल्या. माझ्याकडून ‘नमस्कार’ असे पाठवले. सात खुणा, एकवीस बाइट. घेणाऱ्याला तिने मुद्दाम सांगून ठेवले होते की, एका वेळी दहाच बाइट घे आणि लगेच छाप. पडद्यावर ‘नमस’ उमटले आणि त्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह! म्हणजे ‘स’चा पाय मोडायला घेतला होता, आणि तोही एक तृतीयांशच मोडून झाला होता. मी पोट धरून हसलो. मग तिने शांतपणे विचारले, “आणि हेच एखाद्या आकड्यात झालं तर? दीड लाख प्लेटलेट्स, आणि शेवटची दोन शून्यं पुढच्या घोटात?” माझे हसू तिथेच थांबले. पंधराशे आणि दीड लाख यांच्यामध्ये एका मुलाचा जीव असतो.

म्हणून घेणाऱ्याने पुन्हापुन्हा घेत राहावे, साठवावे, आणि मजकूर पुरा झाला असे कळल्यावरच वाचावे. पुरा झाला हे कळायचे कसे? एक तर आधी लांबी सांगायची : पुढे इतके बाइट येत आहेत. संकेतस्थळे पुष्कळदा असे करतात. नाहीतर शेवटाची खूण ठरवायची. ईमेल देताना एका ओळीत नुसता एक ठिपका आला की मजकूर संपला. इस्पितळांत एचएल-सेव्हन नावाची जी पद्धत चालते तिच्यात अहवालाच्या आधी एक आणि शेवटी दोन न दिसणारी चिन्हे घालतात. मी तिला म्हटले, आमच्याकडे हे फार जुने आहे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ अशी मुद्रा उठवीत. मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही जोडले तर ते आमचे नव्हे. पत्रात ‘लोभ असावा’ आले की वाचणारा चष्मा काढून ठेवीत असे, तेही त्यातलेच.

निरोप घेण्याची रीत तर मला आपल्याकडचीच वाटली. आपण “जातो” म्हणत नाही, “येतो” म्हणतो. आणि पाहुणा “येतो” म्हणाला तरी यजमानाचे “बरंय, या” झाल्यावाचून उंबरठा सुटत नाही. इथेही दोन्ही बाजूंनी वेगवेगळा निरोप घ्यावा लागतो. एकाने “माझे बोलून झाले” म्हटले तरी दुसऱ्याला आपले उरलेले बोलता येते. घेणाऱ्याने ‘घे’ म्हटले आणि शून्य बाइट आले, तर त्याचा अर्थ पलीकडच्याने रीतसर निरोप घेतला.

पण निरोप न घेताच पलीकडचा नाहीसा झाला तर? तार निसटली, वीज गेली, संगणक बंद पडला, तर? तर काहीच येत नाही. शून्य येत नाही, चूक येत नाही, काही म्हणजे काही नाही. घेणारा वाट पाहत बसतो. पलीकडे माणूस गप्प आहे की माणूसच नाही, हे तारेवरच्या शांततेवरून ओळखता येत नाही. कारभाऱ्याला “अधूनमधून हाक मारून बघ” असे सांगता येते. पण मुद्दाम सांगावे लागते, आणि सांगितले तरी लिनक्सचा कारभारी पहिली हाक मारायच्या आधी ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास थांबतो. पाठवणाऱ्याकडेही तीच तऱ्हा. पोच न येणारे पाकीट तो पुन्हापुन्हा पाठवतो आणि साधारण पंधरा मिनिटांनी हात टेकतो.

ही शांतता मी लहानपणी घरात पाहिलेली आहे. आमचे वडील नोकरीसाठी गिरगावात, आजी राजापूरकडच्या खेड्यात. दर महिन्याच्या पाच तारखेला वडील तिला पंधरा रुपयांची मनीऑर्डर करीत. आठ-दहा दिवसांनी तिची पोच परत येई. तळाशी आजीचा अंगठा. वडील त्यावरचे एक अक्षर वाचत नसत. अंगठ्याकडे पाहत आणि पोच खुंटीवरच्या तारेत ओवून टाकीत. त्या तारेत वर्षांची वर्षे निळे-काळे अंगठे लटकत होते. १९६१ च्या पावसाळ्यात पोच आली नाही. दहा दिवस, पंधरा दिवस. घाट बंद असेल, पोस्टमन आजारी असेल, असे आई म्हणे. वडील काही बोलत नसत. कामावरून आले की आधी दाराच्या फटीखाली पाहत. एकविसाव्या दिवशी पैसे परत आले. फॉर्मावर शिसपेन्सिलीने दोन शब्द लिहिलेले : ‘घेणार मयत’. काकांचे पत्र त्यानंतर दोन दिवसांनी मिळाले.

मी हे सांगितल्यावर सूनबाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्याकडेही असतं हे, बाबा. त्या खिडकीवर कोणी बसलेलंच नसेल, तर समोरचा कारभारी तसं कळवतो. प्रोग्रामला चूक म्हणून दिसतं ते. नवीन मुलं ते बघून वैतागतात. मला त्याचा राग येत नाही. निदान उत्तर तरी असतं.”

त्या रात्री नेमके काय झाले, याचा उलगडा तिने चौथ्या दिवशी केला. गणपतीच्या आधी इस्पितळात रंगकाम चालले होते. रंगाऱ्याने शिडी सरकवली आणि संगणकामागची तार ढिली झाली. अर्ध्या तासाने कोणीतरी ती पुन्हा बसवली. त्या मधल्या वेळात, ७ वाजून ४० मिनिटांनी, प्रयोगशाळेने तो अहवाल पाठवला. कारभाऱ्याने पिशवीत घेतला, प्रोग्रामने हिरवे ‘पाठवले’ उमटवले. कारभारी पंधरा मिनिटे धडपडला, मग त्याने नाद सोडला आणि पिशवी रिकामी केली. पुढचा अहवाल पाठवताना प्रोग्रामला कळले की जुनी वाट तुटली आहे. त्याने नवी वाट जोडली, आणि तिथून सगळे सुरळीत चालू झाले. पिशवीतल्या त्या एका अहवालाची आठवण ठेवायला कोणी नव्हते. कारण पुस्तकात तो ‘पाठवले’ होता.

कोणी खोटे बोलले नव्हते. रंगारीसुद्धा आपले काम करीत होता.

सूनबाईने मग जो आग्रह धरला त्याचे मला कौतुक आहे, आणि सासऱ्याने सुनेचे कौतुक छापून आणू नये असा नियम माझ्या माहितीत नाही. ती म्हणाली, तारेची पोच पुरेशी नाही. समोरच्या कारभाऱ्याची पोच म्हणजे पाकीट देवडीवर पडले, एवढेच. देवडीवरून आत जाऊन, नोंद होऊन, “हा अहवाल मी उतरवून घेतला” असे इस्पितळाच्या प्रोग्रामने स्वतः कळवले पाहिजे. तसे कळेपर्यंत प्रयोगशाळेने तो ‘पाठवले’ म्हणायचा नाही, आणि विसरायचा तर मुळीच नाही. एमआयटीतल्या सॉल्टझर, रीड आणि क्लार्क या तिघांनी हेच १९८४ साली एका निबंधात मांडून ठेवले आहे : खात्री हवी तर ती दोन टोकांनी परस्परांकडून करून घ्यावी, मधल्यांच्या काळजीवर विसंबू नये. एचएल-सेव्हन पद्धतीत अशी पोच देण्याची सोय आहेच. ती कोणी वापरली नव्हती. तिच्या साहेबांचे म्हणणे पडले की त्याने काम मंदावेल. मंदावलेही, दीड-दोन सेकंदांनी.

मी तिला एक शंका विचारली. समज, अहवाल पोचला, नोंद झाली, पण पोचच वाटेत हरवली. मग प्रयोगशाळा तोच अहवाल पुन्हा पाठवील. दोनदा नोंद होईल. मनीऑर्डर दोनदा दिली तर पोस्टमनच्या पगारातून कापतात! ती हसली. “म्हणूनच प्रत्येक अहवालाला आधीच क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर नोंद करायची नाही, पोच मात्र पुन्हा द्यायची.” रजिस्टर पत्राच्या क्रमांकाचे काम याहून वेगळे ते काय होते!

“आणि पोच मिळाली याची पोच?” मी आणखी रेटले.

“आणि तिची पोच?” ती म्हणाली. “हे संपतच नाही, बाबा. दोन सेनापतींचं कोडं म्हणतात त्याला.” दोन डोंगरांवर दोन सेनापती, मधल्या दरीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जय. निरोप्या दरीतून जातो, पण पकडला जाऊ शकतो. शेवटचा निरोप ज्याने धाडला त्याला तो पोचला की नाही हे कळत नाही, आणि कितीही निरोपे धाडले तरी कोणता तरी एक शेवटचा असतोच. १९७५ साली हे कोडे प्रथम मांडले गेले, १९७८ साली जिम ग्रे यांनी त्याला हे नाव दिले. पुरी खात्री दोघांनाही मिळत नाही, असे गणिताने सिद्ध झाले आहे. आमचे “पोचेल की!” हे खिडकीवरचे उत्तर मला त्या दिवशी जरा कमी अपराधी वाटले.

पडद्यावर नव्या यादीला काय नाव द्यायचे, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. प्रयोगशाळांतली मुले मराठी वाचणारी. साहेबांना ‘पेंडिंग’ हवे होते, मी ‘पोच बाकी’ सुचवले. सूनबाईने कंपनीत काय सांगितले कोण जाणे, पण ‘पोच बाकी’ ठरले.

हल्ली रात्रीची जेवणे आटोपली की ती एकदा ती यादी उघडून पाहते. मी चष्मा लावून मागे उभा राहतो. नावे नसतात, नुसते क्रमांक. बहुतेक रात्री दोन-तीन असतात. एक नाहीसा होतो, थोड्या वेळाने दुसरा. परवा एक क्रमांक साडेअकरापर्यंत जागचा हलेना. तिने प्रयोगशाळेला फोन केला, तिथल्या पोराने इस्पितळाला केला. इस्पितळातल्या बाईंनी टेबलाखाली वाकून तार चाचपली असावी. पाचएक मिनिटांत क्रमांक गेला.

सूनबाईने लॅपटॉप मिटला आणि विचारले, “बाबा, दूध विरजलंत का?”